प्रागच्या फ्लॅटपायी 612 युरो गेले, तुम्ही तरी सावध राहा

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून डिसेंबरात तीन रात्री प्रागला जायचं ठरवलं, फक्त आम्ही दोघं. जर्मनीतच राहतो, त्यामुळे व्हिसाची कटकट नव्हती. पण नाताळच्या बाजाराचे दिवस, जुन्या शहरात धड खोली परवडेना. अशात एका साइटवर माला स्त्राना भागात रात्रीला 116 युरोंचा फ्लॅट दिसला. खिडकीत पिवळी किटली, मागे सेंट निकोलस चर्चचा हिरवा घुमट. हिने तो फोटो लगेच नगरला आईला पाठवला.

पुढचं नेहमीचंच. मालक म्हणाला, "साइट कमिशन खाते, व्हॉट्सॲपवर बोलू." मग "अजून एक जोडपं विचारतंय." भाडं 348, परत मिळणारं डिपॉझिट 200, सिटी टॅक्स, म्हणजे पाहुण्यांकडून घेतला जाणारा शहराचा कर, 64. एकूण 612 युरो. प्रागचा खरा सिटी टॅक्स माणशी रात्रीला 50 कोरुना (चेक प्रजासत्ताकाचं चलन). म्हणजे आमचे 300 कोरुना, जेमतेम 12 युरो. एवढं शोधायला दोन मिनिटं पुरली असती.

मालक प्रागचा, पण आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) 'ईएस'ने सुरू होणारा, म्हणजे स्पेनचा. चेक प्रजासत्ताकातल्या खात्याचा आयबॅन 'सीझेड'ने सुरू होतो. मी विचारलं, तर म्हणाला बायको स्पॅनिश आहे. पटलं. ऑक्टोबर 2025 पासून इथल्या बँकांना नाव आणि आयबॅन जुळतात का ते आधी दाखवावं लागतं. ॲपवर स्पष्ट आलं: नाव जुळत नाही. मी ते वाचलं! वाटलं, चेक आडनावावरच्या चिन्हांमुळे असेल. आमच्या आडनावाचं स्पेलिंगही इथे दर ऑफिसात वेगळं असतं. आणि बटण दाबलं. दहा सेकंदांत पैसे गेले. मी अडाणी नाही, ऑफिसात दर वर्षी याचंच ट्रेनिंग घेतो. पण तारीख जवळ आली होती आणि हिचा हिरमोड करायचा नव्हता.

प्रागमध्ये घरांवर दोन पाट्या असतात, लाल आणि निळी, दोन्हींवर वेगळे आकडे. रात्री साडेनऊला बॅग ओढत आम्ही गल्लीतली एकेक पाटी मोबाइलच्या उजेडात वाचली. त्याने दिलेला आकडा ना लालवर, ना निळीवर. ही शेवटी एका पायरीवर बसली, एक शब्द बोलली नाही. त्या रात्रीच्या हॉटेलचे 189 युरो वेगळे.

बँक म्हणते, आम्ही इशारा दिला होता, तुम्ही स्वतः मंजुरी दिलीत. पैसे परत मागवायचा अर्ज केला, तीन आठवड्यांनी उत्तर: खात्यात शिल्लक नाही. अहो, मी त्याच रात्री फोन केला होता, तेव्हा "सोमवारी बघू" कोण म्हणालं? प्रागच्या चौकीत सांगितलं, राहता तिथे तक्रार करा. इथे म्हणाले, खातं स्पेनचं आहे, वेळ लागेल. चॅट, आयबॅन, फोन नंबर सगळं छापून दिलं. अडीच महिन्यांनी एका पानाचं पत्र: आरोपी सापडला नाही, तपास बंद. स्पेनच्या त्या बँकेला कुणी साधं विचारलं तरी का, हे त्यात नाही.

साइटबाहेर एक युरोही देऊ नका. नाव जुळत नाही असं दिसलं की थांबा, मालक काहीही सांगो. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर उलट शोधून बघा, आधी कुठे वापरलाय का. पासपोर्टचा फोटो पाठवू नका. माझा अजून त्याच्याकडे आहे.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. मालकाचं नाव नवं, भाडं 109 युरो, खिडकीत तीच पिवळी किटली.