स्कायरिम पीसीवर: कीबोर्ड-माउस बरा की कंट्रोलर?

स्कायरिम हा तलवारी-जादूच्या जगातला रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे आपलं पात्र आपणच घडवायचा खेळ. तो नोव्हेंबर २०११ मध्ये आला, २०१६ मध्ये त्याची स्पेशल एडिशन आली, आणि अजूनही तो पहिल्यांदाच सुरू करणारे लोक भेटत राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: पीसीवर खेळायचं तर कीबोर्ड-माउस धरावा की कंट्रोलर जोडावा? मी दोन्हींवर मनसोक्त खेळलो आहे. कुठली आवृत्ती घ्यावी, कुठलं ग्राफिक्स कार्ड लागेल, यात शिरत नाही. ते तुम्ही आधीच पाहिलं असेल. इथे फक्त हातांचं आणि मेन्यूंचं बोलतो, कारण एवढा सुंदर खेळ अर्ध्यावर सोडावासा वाटतो तो तिथेच.

आधी माउसची बाजू. ती अजिबात लंगडी नाही. तुमचं पात्र धनुर्धारी असणार असेल तर माउससारखं सुख नाही. लांब बुरुजावर डाकू उभा आहे, बाण जाता जाता थोडा खाली येणार, म्हणून नेम डोक्याच्या जरा वर धरायचा. ही बारीकशी उचल मनगटाला सहज जमते. कंट्रोलरची स्टिक तेवढीच हलवायला गेलं की नेम एकदा पुढे जातो, मग मागे येतो, आणि तोवर डाकूने आपल्याला पाहिलेलं असतं. सरावाने सुधारणा होते, पण माउसइतका हात बसतो असं निदान मला तरी कधी वाटलं नाही.

जादूगारांचंही तसंच. फेव्हरिट्समध्ये, म्हणजे आवडत्या वस्तू-मंत्रांच्या छोट्या यादीत, टाकलेल्या गोष्टींना कीबोर्डवर १ ते ८ हे आकडे देता येतात. बर्फातला ट्रोल समोर आला की आगीचा मंत्र, कुणी मंत्र फेकायला लागला की वॉर्ड (जादूची ढाल), जीव कमी झाला की उपचार. सगळं एकेका आकड्यावर. कंट्रोलरवर असे थेट हाताशी दोनच, डी-पॅडच्या (अधिक चिन्हासारख्या दिशाबटणांच्या) डाव्या आणि उजव्या बाजूला. बाकी सगळ्यासाठी फेव्हरिट्सची यादी उघडायची. यादी उघडली की खेळ थांबतो, त्यामुळे जीव जात नाही, पण लढाईची लय जाते. पाच-सहा मंत्र आलटून पालटून वापरणाऱ्याला हे जाचतं, आणि त्याने मला कीबोर्डच हवा म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

आता कीबोर्ड-माउसच्या त्या तक्रारी ज्या सगळे सांगतात, पण ज्यांच्यावर मी निर्णय सोडणार नाही. मूळ खेळात माउसचं अॅक्सिलरेशन चालू असतं, म्हणजे हात भरभर हलवला की नजर प्रमाणाबाहेर फिरते, आणि वर-खाली बघण्याचा वेग फ्रेमरेटशी, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याच्याशी, बांधलेला असतो. गुहेत नजर एका वेगाने वर जाते, गर्दीच्या गावात वेगळ्याच. आयएनआय फाइलमध्ये (खेळाच्या सेटिंग्जच्या मजकूर-फाइलमध्ये) दोन ओळी बदलल्या की बराच फरक पडतो. मग हातांचा घोळ: माउसचं डावं बटण दाबलं की उजव्या हातातली तलवार फिरते आणि उजव्या बटणावर डाव्या हातातली ढाल वर येते. कंट्रोलरवर उजवा ट्रिगर उजवा हात आणि डावा ट्रिगर डावा हात, त्यामुळे तिथे विचारच करावा लागत नाही. माउसवरही बटणं अदलाबदल करता येतात. आणि ऑल्ट-टॅबचं दुखणं तर प्रसिद्धच आहे. धावायला डावी ऑल्ट, मेन्यूला टॅब. राक्षसापासून पळता पळता औषध प्यायला मेन्यू उघडायला गेलात आणि ऑल्टवरचं बोट उचललं नाहीत, तर विंडोज तुम्हाला खेळाबाहेर नेऊन ठेवते. धावण्याची की दुसरीकडे हलवली की हा विषय संपला.

हे सगळं एकदा बदललं की पुन्हा आठवणही येत नाही, आणि म्हणूनच त्याचं वजन मी कमी धरतो. माझा कौल ज्याने ठरवला ती गोष्ट सेटिंग्जमधून बदलता येत नाही.

ती गोष्ट म्हणजे संभाषणाची यादी. कुणाशी बोलताना तीन-चार वाक्यं एकाखाली एक येतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं. इतकं साधं काम. पण या यादीत निवडीच्या दोन खुणा एकाच वेळी जिवंत असतात: एक म्हणजे माउसचा बाण, आणि दुसरी म्हणजे यादीने स्वतः उजळून ठेवलेली ओळ. अनेकदा बाण एका ओळीवर असतो आणि उजळलेली असते दुसरीच. क्लिक केलं की पात्र बोलतं ती उजळलेली ओळ. बाण आणखी थोडा हलवला तर दोघांची गाठ पडते, कधी पडत नाही. माउसचं चाक फिरवलं किंवा डब्ल्यू-एस दाबून वर-खाली गेलं तर ओळ बरोबर उजळते, पण तेव्हा बाण पडद्यावर उगाच आडवा येऊन बसलेला असतो आणि त्याला जरा धक्का लागला की पुन्हा सगळं हलतं.

खेळातल्या व्हाइटरन शहराच्या बाजारात किरकोळ चोरीसाठी पहारेकऱ्याने मला अडवलं होतं. अशा वेळी दंड भरायचा, तुरुंगात जायचं किंवा शस्त्र उचलायचं, असे पर्याय येतात. मी दंडाच्या ओळीवर बाण नेऊन क्लिक केलं, आणि माझ्या पात्राने मरेन पण कैद पत्करणार नाही असं सांगून टाकलं. पुढच्या क्षणी सगळ्या पहारेकऱ्यांच्या तलवारी बाहेर होत्या. रिफ्टन या दुसऱ्या शहराच्या वेशीवर आत जाण्याचा कर मागणारा पहारेकरी आहे, त्याच्याशी बोलतानाही तेच: त्याला शब्दात पकडायचं होतं, गेली भलतीच ओळ. सेव्ह मागे नेता येते, हे खरं आहे. पण अशा खेळात बोलणं हीच मोठी कृती असते. आपलं पात्र दिलदार आहे की हिशेबी, ते धमकी देईल की समजूत घालेल, हे आपण त्या चार ओळींतून ठरवत असतो. तलवारीचा एखादा वार चुकला तर मला वाईट वाटत नाही. माझ्या पात्राच्या तोंडी मी न निवडलेलं वाक्य आलं तर ते पात्र तेवढ्यापुरतं माझं राहत नाही, आणि मला हे फार लागतं.

हे असं का, हे मेन्यू नीट पाहिले की कळतं. मेन्यूत शिरल्यावर कीबोर्डवरच्या मोजक्याच की कामाच्या उरतात. ई निवडते, आर दुसरं काम करते, एफ तिसरं, टॅब बाहेर काढते. कंट्रोलरवरची ए, एक्स, वाय आणि बी ही चार बटणं शेजारी ठेवून पाहा. एकास एक जुळतात. म्हणूनच आर ही की बाहेर तलवार उपसते-म्यान करते, इन्व्हेंटरीत (जवळच्या वस्तूंच्या यादीत) वस्तू टाकून देते, पेटीपुढे सगळं उचलते आणि औषधं बनवण्याच्या मेजावर मिश्रण तयार करते, तर लोहाराच्या भट्टीवर तेच काम ई करते. ही विसंगती कंट्रोलरवरही जशीच्या तशी आहे, तिचा दोष एकट्या कीबोर्डला देणं बरोबर नाही. मुद्दा एवढाच की हे सारे मेन्यू उजळलेली एक ओळ धरून बेतले आहेत, आणि बाण त्यांच्यावर नंतर आणून ठेवल्यासारखा वागतो. याच मालिकेतला २००२ चा मॉरोविंड आठवा. तिथे इन्व्हेंटरी, नकाशा, मंत्र यांच्या वेगवेगळ्या खिडक्या होत्या, त्या माउसने ओढून हव्या तिथे ठेवता येत, लहान-मोठ्या करता येत. तो मेन्यू बाणाला ओळखत होता.

कंट्रोलर हातात घेतला की बाण पडद्यावरून जातो आणि ही भांडाभांडच मिटते. जी ओळ उजळलेली ती निवडली जाणार, दुसरी शक्यता उरत नाही. गुणकौशल्यांच्या अठरा नक्षत्रांतही तोच फरक जाणवतो: स्टिक कलली की एका ताऱ्यावरून शेजारच्या ताऱ्यावर जाता येतं, माउसने तेच करताना आकाश हातातून निसटल्यासारखं होतं. कंट्रोलर घेऊन खेळायला लागल्यापासून मी लोकांशी जास्त बोलायला लागलो. पूर्वी धर्मशाळेतल्या माणसाला टाळून पुढे जायचो, आता थांबून त्याची सगळी वाक्यं ऐकतो.

दुसरा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता, तो चालण्याचा. ऑल्टवरची जोरदार धाव सोडली तर कीबोर्डवर दोनच वेग असतात, चालणं आणि पळणं, आणि सोबत चालणाऱ्या माणसाचा वेग नेमका त्या दोहोंच्या मधला. खेळाच्या सुरुवातीला हेल्गन गावातून सुटल्यावर रिव्हरवूड गावापर्यंत सोबत्याबरोबर उतरायचं असतं, आजूबाजूला पाइनची झाडं, खाली नदी. कीबोर्डवर ती वाट पुढे पळणं, थांबणं, मागे वळून बघणं यातच जाते. स्टिक अर्धी ढकलली की बरोबर त्याच्या खांद्याला खांदा लावून चालता येतं. हा सगळा प्रदेश सावकाश बघण्यासाठीच आहे असं मला वाटतं, आणि सावकाश बघणं कंट्रोलरवर जमतं.

आता माउसच्या बाजूने येणारा रास्त आक्षेप: मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले बदल, टाका की! बरोबर आहे. संभाषणाच्या यादीसाठी बेटर डायलॉग कंट्रोल्स आहे, मध्येच येणाऱ्या चौकटींसाठी बेटर मेसेजबॉक्स कंट्रोल्स आहे, आणि इन्व्हेंटरीसाठी स्काययूआय तर आहेच. स्काययूआयशिवाय खेळू नका असं मी कुणालाही सांगेन, हातात काहीही असो. वजन आणि किंमत यांचे रकाने, हवी तशी क्रमवारी, शोधण्याची सोय; लांबलचक यादीत एकच अंगठी शोधण्याचा वैताग यामुळे जातो. पण स्काययूआय संभाषणाच्या यादीला हात लावत नाही, तिच्यासाठी वेगळा मॉड लागतोच. शिवाय स्काययूआय स्क्रिप्ट एक्स्टेंडर या मॉडना जास्तीची ताकद देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमवर उभा आहे, आणि खेळाला अपडेट आलं की एक्स्टेंडरही त्या आवृत्तीशी जुळणारा घ्यावा लागतो. २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटनंतर त्यावर अवलंबून असलेले कितीतरी मॉड एकदम अडले होते. तरी माउसचा हा उपाय चालतो, आणि चांगला चालतो. फक्त डागडुजी करून माउस तिथवर पोहोचतो जिथे कंट्रोलर काहीही न करता असतो, हे मला दुर्लक्षून चालत नाही.

कंट्रोलरच्या अडचणीही सांगायलाच हव्यात. पात्राचं नाव टाकायला कीबोर्ड लागतो. कन्सोलवर, म्हणजे खेळातच उघडणाऱ्या आज्ञांच्या खिडकीत, आज्ञा द्यायची, किंवा स्काययूआयमध्ये नाव लिहून वस्तू शोधायची, तरीही लागतो. सगळ्यात खटकणारं म्हणजे दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर चालू केला की माउस गप्प होतो, त्यामुळे फिरायला कंट्रोलर आणि नेम धरायला माउस अशी सोयीची वाटणी मूळ खेळात शक्य नाही. स्पेशल एडिशनसाठी ऑटो इनपुट स्विच नावाचा मॉड आहे, तो ज्याला हात लावाल त्याप्रमाणे आपोआप बदल करतो. आणि दुसऱ्या खेळांतून येणाऱ्यांना बी बटण सुरुवातीला छळतं. तिकडे ते मागे जाण्याचं बटण असतं, इथे खेळत असताना ते दाबलं की मुख्य मेन्यू उघडतो.

कुलूप उघडण्यात मला डावं-उजवं करता आलं नाही. माउसने सळई हलवून कीबोर्डच्या कीने कुलूप फिरवणं आणि दोन स्टिकनी तेच करणं, दोन्ही सारखंच छान वाटतं.

तेव्हा धनुष्य हाच तुमचा जीव असेल, किंवा मंत्रांचा मोठा संग्रह घेऊन लढणार असाल, तर कीबोर्ड-माउस घ्या आणि संभाषणाचा मॉड पहिल्याच दिवशी टाका, नंतर कधीतरी बघू म्हणू नका. ढाल-तलवार, दोन हातांचा परशू, अंधारात सरपटत जाणारा चोर यांपैकी काही मनात असेल, किंवा लोकांशी बोलत, गावं बघत खेळायचं असेल, तर मी कंट्रोलर सुचवेन. माझं धनुष्याचं पात्रही हल्ली कंट्रोलरवरच आहे. बाण चुकतात जास्त, पण मला ते चालतं. ठरत नसेल तर ब्लीक फॉल्स बॅरो या सुरुवातीच्या मोहिमेच्या आधी एक सेव्ह करून ठेवा, ती मोहीम आणि तिच्यानंतरचं व्हाइटरनमधलं बोलणं एकदा माउसवर आणि एकदा कंट्रोलरवर करून पाहा. सेव्ह दोन्हीकडे तीच चालते, सेटिंग्जमधली खूण तेवढी बदलायची.