गॅस भरला आणि फ्रिज दहाच दिवस चालला

फ्रॉस्ट फ्री फ्रिजची वॉरंटी संपल्यावर केव्हातरी ही तक्रार येते: फ्रीझर थोडाफार गार, खाली मात्र दूध नासतं. मग नेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर लावला जातो. तासाभरात कंपनीचा लोगो छापलेला टी-शर्ट घातलेला माणूस दारात. मागे हात घालून कॉम्प्रेसर चाचपतो. “गॅस गेलाय ताई. वॉरंटी संपलीय, कंपनी काही देणार नाही.” फ्रिज बंद करून दारं उघडी ठेवायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन नळी लावून पाच मिनिटांत ‘गॅस भरतो’. फ्रिज गार होतो, पैसे यूपीआयने जातात, पावती नाही. आठ-दहा दिवसांत दूध पुन्हा नासतं आणि तो नंबर लागत नाही.

फ्रिज चालला कशामुळे? रात्रभर दारं उघडी राहिल्यामुळे. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड कूलिंग कॉइल असते. तिच्यावर साचणारा बर्फ डिफ्रॉस्ट हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. हीटर, त्याला चालू-बंद करणारा बायमेटल थर्मोस्टॅट किंवा जास्त तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज गेला, की कॉइलचा बर्फाचा ठोकळा होतो, पंख्याची हवा अडते आणि खालचा कप्पा गार होत नाही. बंद फ्रिजमध्ये तो ठोकळा वितळतो, पुन्हा साचायला आठवडाभर लागतो. गॅसचा यात काही संबंधच नाही.

म्हणून मागचं कव्हर आपल्यासमोर काढायला लावा. सगळी कॉइल बर्फात गाडलेली असेल तर दोष डिफ्रॉस्टचा. सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तरच गॅस कमी असल्याची शंका घ्यायची. मल्टिमीटरवर (वीज तपासायच्या मीटरवर) हीटर किंवा फ्यूज ‘ओपन’, म्हणजे आतून तुटलेला, दाखवला, तर तो बदलायचा. हे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी स्वस्त. आणि चालता कॉम्प्रेसर गरमच लागतो, तो काही गॅस गेल्याचा पुरावा नव्हे.

गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झालाय म्हणजे गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. नीट काम म्हणजे नायट्रोजनने गळती तपासणं, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारी नळकांडी) नवा लावणं, व्हॅक्यूम पंप चालवून आतली हवा आणि ओल काढणं, मग गॅस काट्यावर तोलून भरणं. आर-६००ए हा गॅस असलेल्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये तो जेमतेम ४० ते ७० ग्रॅम लागतो. नेमका आकडा फ्रिजवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. पंप नाही, काटा नाही, तर त्याला कामाला हातच लावू देऊ नका. हा गॅस ज्वलनशील असतो.

‘वॉरंटी संपलीय’ हेही सहसा अर्धसत्य. अनेक कंपन्या संपूर्ण फ्रिजला १ वर्ष, पण कॉम्प्रेसरला १० वर्षं देतात. कॉम्प्रेसर गेलाच असेल तर तो फुकट मिळू शकतो. गॅस आणि मजुरीचे पैसे बहुधा लागतात. वॉरंटी कार्ड काढून वाचा, नंबर त्याच कार्डावरून घ्या. आधी १० रुपये भरा किंवा मोबाइलवर स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका म्हणणारा कस्टमर केअरवाला नसतोच. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

बिल मागा, काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सर्व्हिस सेंटर टोलवत असेल तर दोष लेखी मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मध्यस्थी होते, आदेश मिळत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक आयोग: ई-जागृती पोर्टलवर तक्रार, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

मुळातच उत्पादनदोष असेल तर वॉरंटी संपली एवढ्यावरून दावा आपोआप बाद होत नाही. पण दोष सिद्ध करावा लागतो, आणि गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. तोवर फ्रिज एक्स्चेंजमध्ये देऊ नका. टेम्पोत चढला की तपासायला काही उरत नाही.