लग्नाचा वाढदिवस: नागाव की बोर्डी?

आमचं लग्न डिसेंबरातलं. त्यामुळे वाढदिवसाच्या शनिवार-रविवारी दरवर्षी घरात हुरडा आणि समुद्र यांची रस्सीखेच होते. बायको समुद्राच्या बाजूने असल्याने हुरडा आजवर एकदाच जिंकलाय. समुद्र ठरला की पुढचा प्रश्न: खाली अलिबागकडे नागावला, की वर डहाणूकडे बोर्डीला? नागावला आम्ही तीनदा गेलोय, बोर्डीला दोनदा. लेकीला डोंबिवलीला आजोळी सोडायचं आणि दोघंच निघायचं. परवा सोसायटीतल्या एका नव्या जोडप्याने लिफ्टमध्ये हेच विचारलं. सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितोय.

आधी रस्ता. ठाण्याच्या वर्तकनगरहून, म्हणजे आमच्या घरून, नागाव शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी, बोर्डी एकशे चाळीसच्या आसपास. म्हणजे नागाव जवळ. पण वडखळ सोडलं की अलिबागला जायला तो एकच रस्ता, आणि शनिवारी सकाळी त्यावर आपल्यासारखेच सगळे. पोयनाडला पोचेपर्यंत पुढच्या गाडीच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' पाठ होतं. बोर्डीच्या वाटेवर घोडबंदर आहे, आणि घोडबंदरबद्दल ठाणेकराला मी काय सांगणार? पहाटे साडेपाचला निघालात तर चहा मनोरला. साडेसहाला निघालात तर चहा गायमुखलाच, तोही थर्मास घरून आणला असेल तर. थोडक्यात, रस्त्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच. चारोटीला हायवे सोडून डहाणूकडे वळल्यावर मात्र माझे खांदे खाली येतात, वडखळला वळल्यावर वर जातात. एवढाच फरक.

गाडी नसेल तर विषयच संपला, नागावला जा. गेटवेहून मांडव्याची लाँच, त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस, पुढे रिक्षा. डहाणूला लोकल एप्रिल २०१३ पासून जाते खरी, पण ठाण्याच्या माणसाला ती पकडायला आधी दादरला जाऊन उलटं फिरावं लागतं. शिवाय डहाणू रोडला उतरल्यावर बोर्डी अजून पंधरा-सतरा किलोमीटर उरतंच. लग्नाच्या वाढदिवशी नवी साडी नेसून हे कुणी करू नये.

गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही आहे, २०२० पासून. ठाण्याहून फ्रीवेने मुंबईत शिरायचं, गाडी बोटीत चढवायची आणि खाडीपलीकडे उतरायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम वाटतो. पण तो तासाभराचा प्रवास मला आवडतो. आपण डेकवर, गाडी खाली, मागे सीगल. बायको कधी नव्हे ते स्वतःहून सेल्फीला बोलावते. हा गुण नागावच्या पारड्यात टाका, मी कंजूषपणा करणार नाही.

आणखीही बरंच नागावच्या पारड्यात जातं. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, आणि गल्लीच्या टोकाला एकदम समुद्र, हे दृश्य बोर्डीत नाही. जेवण तर विचारू नका. नशीब असेल तर जिताडा हा खाडीतला मासा मिळतो, आणि डिसेंबर संपता संपता गेलात तर पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं जाळात ठेवतात आणि दोघांसाठी म्हणून लावलेली पोपटी चौघांना पुरते. अलिबागचा पांढरा कांदा मात्र तेव्हा मिळत नाही. त्याच्या माळा उन्हाळ्याच्या तोंडावर दिसतात, हे दोनदा विचारून दोनदा हसं करून घेतल्यावर कळलं. शिवाय कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला, आणि ओहोटीला चक्क चालत जाता येईल असा. आत, भर समुद्रात, गोड्या पाण्याची विहीर. दहाव्या वाढदिवसाला आम्ही तिथे गेलो तेव्हा परतताना पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि बायकोने माझा हात जितका घट्ट धरला तितका सप्तपदीलाही धरला नव्हता.

बोर्डीत काय आहे? फार काही नाही, आणि तेच सांगायचंय. सुरूची लांबच लांब रांग, काळसर सपाट वाळू, मागे चिकूच्या वाड्या, मध्येच जुनी पारशी-इराणी घरं. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीतल्या माणसाने जाळी लावलेल्या लांब काठीने चिकू काढून बायकोच्या ओंजळीत टाकले. तिने लगेच खाऊ नये म्हणून त्याला बरंच समजवावं लागलं, कारण झाडावरचा चिकू चार दिवस ठेवल्याशिवाय तोंड चिकट करतो. ते चिकू आम्ही ठाण्यात बुधवारी खाल्ले.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तेव्हापासून तिथे काय उभारायचं यावर बंधनं आली. माझे वडील जिल्हा परिषदेत होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधी डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, आणि डहाणूला बदली म्हणजे शिक्षा असं घरात बोललं जायचं. आता त्याच गावाला मी पैसे देऊन जातो, हे बाबांना सांगितलं की ते नुसतं 'हं' म्हणतात. डहाणूजवळच वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालंय. पुढच्या दहा वर्षांत त्या किनाऱ्याचं काय होईल ते तिथल्या कोळ्यांना जास्त ठाऊक, पण जायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नये एवढं मला वाटतं.

आता बोर्डीची खोड, कारण ती लपवली तर तुम्ही मला शिव्या द्याल. ओहोटीला समुद्र निघून जातो. अतिशयोक्ती नाही, जातोच. पहिल्या वेळी आम्ही हौसेने पौर्णिमेचा शनिवार धरला होता, चांदणं मिळावं म्हणून. संध्याकाळी सूर्यास्ताला किनाऱ्यावर पोचलो तर समोर नुसता ओला चिखलमिश्रित माळ आणि पार क्षितिजाशी एक चकाकती रेघ. किती लांब ते मोजलं नाही. चपला हातात घेऊन निघालो तेव्हा बायकोने आईला फोन लावला, आणि माझ्या घोट्याला पाणी लागलं तेव्हा मायलेकींचं बोलणं संपलं होतं. ज्यांना माझ्या सासूबाई माहीत आहेत त्यांना अंतराचा अंदाज येईल.

हे असं का झालं ते आम्ही उतरलो होतो त्या वाडीच्या मालकांनी रात्री जेवताना सांगितलं. किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बरोबर संध्याकाळी सहाला, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे तीही सगळ्यांत मोठी. थोडक्यात, आम्ही महिन्यातला सूर्यास्ताला सर्वांत वाईट दिवस निवडून गेलो होतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशोब चुकत नाही. सूर्यास्ताला पायाशी पाणी हवं असेल तर सप्तमी ते नवमी धरावी. तेव्हा भांगाची भरती असते, फार जोर नसतो, पण पाणी असतं. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर चतुर्थी-पंचमी बरी, कारण ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच, आपण फक्त संकष्टीपुरती बघतो.

मालक पुढे म्हणाले, "आता झोपू नका. बाराला या."

गेलो. चंद्र बरोबर डोक्यावर. संध्याकाळी जिथे माळ होता तिथे काठोकाठ पाणी, सुरूच्या मुळांशी येऊन मागे जाणारं. लाटा अशा नव्हत्याच, वाळूत पाणी मुरतानाचा चर्र असा बारीक आवाज तेवढा होता. तो ऐकू आला, हेच मला महत्त्वाचं वाटलं. का, ते आता सांगतो.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे नागावच्या दुसऱ्या खेपेला, आम्ही एका कॉटेजमध्ये उतरलो होतो. खोली स्वच्छ, माणसं चांगली, समोर छोटासा तरणतलाव. आगाऊ पैसे भरताना मालकाने "दोघंच का?" असं दोनदा विचारलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. शनिवारी नागाव हे ग्रूपचं गाव असतं. उरलेल्या सगळ्या खोल्या एका ऑफिसच्या पंचवीसेक जणांनी घेतल्या होत्या. दुपारी चारला तलावाच्या काठावर स्पीकर आला, सुटकेस एवढा, चाकं असलेला, निळे-लाल दिवे लागणारा. तो साडेचारला सुरू झाला आणि रात्री जेवणातही थांबला नाही. समुद्र आमच्या खोलीपासून दोन मिनिटांवर होता, पण त्याचा आवाज दोन दिवसांत एकदाही ऐकला नाही. खिडकीची काच गाण्याच्या ठेक्यावर थरथरत होती, टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा.

दहानंतर स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. अकराला मी मालकाला शोधून काढलं आणि म्हटलं, "दादा, जरा आवाज…" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, अकरा खोल्या त्यांच्या आहेत हो. एक तुमची." मग थोडा विचार करून, अगदी मनापासून म्हणाला, "तुम्हीपण या ना नाचायला!" तेवढ्यात त्याने कुणाला तरी आमच्या वाढदिवसाचं सांगितलं असावं. बाराच्या ठोक्याला माइकवरून आमच्या नावाने घोषणा, पंचवीस अनोळखी माणसं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला अर्धा केक, आणि मी नाइट पँटमध्ये.

खरं सांगायचं तर बायको नाचली. आजही तिला विचाराल तर म्हणेल, "मला मजा आली, हाच तोंड पाडून उभा होता." म्हणजे हा त्रास सर्वस्वी माझा आहे, तुमचा असेलच असं नाही. तुम्हाला चार लोकांत रमायला आवडत असेल, दिवसा पॅरासेलिंग आणि बनाना राइड करायची असेल, तर बोर्डीत तुम्ही रविवारी सकाळी नऊपर्यंत कंटाळाल. तिथे किनाऱ्यावर करण्यासारखं काही नाही. चालायचं, बसायचं, परत चालायचं. खाण्याचे पर्यायही थोडे. जेवण वाडीतच, आणि काय हवं ते आदल्या दिवशी सांगावं लागतं, नाहीतर जे आहे ते. सासूबाईंच्या भाषेत, 'तिथे जाऊन करायचं काय?'

आणि नागाव नेहमी तसं असतं असंही नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम मंगळवार-बुधवार गेलो, रजा टाकून. तेच गाव, तीच गल्ली, कॉटेज वेगळं. स्पीकर नाही, गर्दी नाही, वडखळला गाडी एकदाही थांबली नाही, आणि रात्री समुद्र ऐकू आला. तेव्हा तुमच्या लग्नाची तारीख मधल्या वारी येत असेल आणि साहेब रजा देत असेल, तर मी स्वतः नागावलाच जाईन, जिताड्यासाठी तरी. पण आपलं घोडं शनिवार-रविवारातच अडतं. ओहोटीवर निदान कॅलेंडरचा उतारा आहे. शेजारच्या खोलीत कोण येणार हे कुठल्या कॅलेंडरात छापतात?

खर्चाचं विचाराल तर मला दोन्हीकडे जवळपास सारखाच आला. नागावला खोली महाग पडली, बोर्डीला पेट्रोल आणि खानिवडे-चारोटीचे टोल. बोर्डीच्या खोल्या जुन्या वळणाच्या असतात, गरम पाणी सांगितल्यावर येतं, टीव्ही असला तर चालेलच असं नाही. डिसेंबरात रात्री चांगला गारवा असतो, शाल न्या. डास वाडीत असायचेच, ते दोन्हीकडे. नागावच्या डासांना निदान स्पीकरची सवय आहे.

यंदा आमची तारीख शुक्रवारी येतेय. कॅलेंडर उघडलं तर शनिवारी वद्य सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार: सव्वापाच. सूर्यास्त सहाच्या सुमारास. बायकोला हिशोब दाखवला तर ती म्हणाली, "म्हणजे बुकिंग केलंस वाटतं आधीच." केलं होतं. वाडीच्या मालकांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "मासे की कोंबडी, ते गुरुवारपर्यंत कळवा."