चोर्ल्याने जुने गोवे की आंबोलीने मालवण?

बेळगावच्या शहापूरमधल्या मावशींना नातवंडांना समुद्रही दाखवायचाय आणि थोडा इतिहासही. बेळगावातून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की पणजी लवकर गाठता येते. वेंगुर्ला रोडने आंबोली उतरून मालवण म्हणजे गाडीत जास्त वेळ, पोरं कुरकुरणारच.

पणजीजवळच्या जुन्या गोव्यात 1510 ते 1961 ची पोर्तुगीज राजवट दगडात दिसते. बॉम जीझस चर्चचा गिलावा काढलेला, त्यामुळे जांभ्याचा लाल चिरा उघडाच आहे. चालणं कमी, गुडघेदुखीवाल्यांना बरं.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला मात्र वेगळीच मजा. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे ते कळत नाही! चहूबाजूंनी खारं पाणी, आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या विहिरी. उन्हात तटावर फिरताना दम लागतो, पावसाळ्यात होड्या बंद.

खाण्यात गोव्याची शागुती की मालवणचे कोंबडी-वडे, यावर मी भांडत नाही. खर्चाचं म्हणाल तर डिसेंबरात गोव्याच्या खोल्या परवडत नाहीत.

एका दिवसात परतायचं किंवा सोबत म्हातारी माणसं असतील तर चोर्ला धरा. पोरं चौथीत शिवाजी शिकत असतील आणि मुक्काम जमत असेल, तर मालवणच.