क्रास्नोगोर्स्क-3, आठ महिने, अकरा रोल: कॅमेरा झकास, सेल डोक्याला ताप

क्रास्नोगोर्स्क-3 म्हणजे 16 मिमी फिल्मवर चालणारा, चावी भरायचा जुना सोव्हिएत सिने-कॅमेरा. विकणाऱ्याने ‘मीटर (आतला उजेड मोजणारा काटा) चालू’ म्हणून तो दिला. काटा हलतो म्हणजे मीटर चालू, एवढीच त्याची व्याख्या. मेणवलीच्या घाटावरचे पहिले तिन्ही रोल पातळ आले, म्हणजे फिल्मला उजेड कमी पडला, काळ्या पायऱ्या म्हणजे नुसता डांबराचा पट्टा. सेकंदाला 24 फ्रेमने 100 फुटांचा रोल 2 मिनिटं 46 सेकंदांत संपतो, म्हणजे सव्वाआठ मिनिटं पाण्यात. साताऱ्याहून मुंबईच्या लॅबला पाठवायचं कुरिअर वेगळंच.

या मीटरला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा 625 सेल लागतो, तो आता बनत नाही. दुकानदार बिनदिक्कत 1.5 व्होल्टचा अल्कलाइन देतो. तो जसा उतरतो तशी मीटरची चूकही बदलत जाते, त्यामुळे ‘एवढं वजा करा’ हा हिशोबही चालत नाही.

उपाय कानाच्या मशीनच्या दुकानात: 675 नंबरचा झिंक-एअर सेल, 1.4 व्होल्ट. सहाचं पाकीट एका कुरिअरपेक्षा स्वस्त. सेल अंगाने बारीक, म्हणून भोवती नळाचा वायसर बसवायचा. उंचीला कमी पडला तर ऋण बाजूला फॉइलची घडी. धन बाजूची भोकं झाकायची नाहीत, सेल हवेवर चालतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग झाकण लावा. एकदा स्टिकर निघालं की वापरा न वापरा, काही आठवड्यांत सेल बसतोच. शूटच्या दिवशीच उघडा.

यानंतरही हातात धरायचं वेगळं मीटर आणि कॅमेरा जुळेनात, पाऊण स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आधी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, त्या परत घेतो. शटर म्हणजे फिरती चकती, तिचा उघडा भाग अंशांत मोजतात. हातातलं मीटर 180 अंशांचं शटर, म्हणजे 1/48 सेकंद धरतं. इथे शटर 150 अंशांचं, म्हणजे 1/58. पाव स्टॉप तिथेच गेला. झूमच्या काचा साधारण अर्धा खातात. आतलं मीटर लेन्समधूनच बघतं, त्यामुळे ते हे सगळं धरूनच सांगतं. योग्य सेलवर तेच खरं. हातातल्यावर काढणार असाल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पाऊण स्टॉप उघडा.

उन्हात 250डी (दिवसाच्या उजेडाची रंगीत निगेटिव्ह फिल्म) घातली तर एफ/32 लागतं, लेन्स एफ/22 ला थांबते; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. 0.6 चा एनडी, म्हणजे दोन स्टॉप उजेड कापणारा राखाडी फिल्टर, लावला की एफ/16. फिल्टरचा आटा 77 मिमी, लग्नाच्या फोटोग्राफरकडे हमखास सापडतो. नवीन घेऊ नका.

घाटावर पांढरं धोतर आणि काळा दगड एकाच चौकटीत आले की मीटरला दोन्ही दाखवू नका. त्याच उन्हात तळहात धरा, रीडिंग घ्या, एक स्टॉप उघडा. कासच्या धुक्यातही एक स्टॉप उघडायचा, नाहीतर धुकं राखाडी येतं. रंगीत निगेटिव्ह एक स्टॉप जास्त सहज पचवते, कमी पडलं तर मात्र सावलीत काहीच उरत नाही.

फोकस झूमच्या लांब टोकाला, 69 मिमीवर, एफ/1.9 उघडून. मग झूम मागे, ॲपर्चर मीटरच्या आकड्यापर्यंत बंद. बंद करायला विसरलात तर अख्खा शॉट पांढरा. 24 ऐवजी 48 फ्रेमला उजेड निम्माच मिळतो, एक स्टॉप उघडा.

फिल्म भरताना तिला लूप, म्हणजे सैल वळसा, आपोआप देणारे पंजे फिल्मवर चरे पाडतात. काढून टाकले, आता लूप हाताने, झाकण लावायच्या आधी 5-6 फ्रेम चालवून बघत. पूर्ण चावीत 20-25 सेकंदांचा शॉट मिळतो, तक्रार नाही.

पाच तारे दिले असते. एक सेलसाठी कापला.