रत्नागिरीतली परदेशी शिक्षण कन्सल्टन्सी: फाईल एक नंबर, सल्ला अर्धाच (3/5)

पुतणीचं मायक्रोबायोलॉजीचं बीएस्सी झालं, तिला मास्टर्सला बाहेर जायचं होतं. पुण्याला फेऱ्या नकोत म्हणून इथेच एक ऑफिस गाठलं, नाव लिहीत नाही कारण धंद्याची पद्धतच तशी आहे.

आधी चांगलं सांगतो. एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचा ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, तीनदा लिहून घेतला पण एक ओळ स्वतः लिहून दिली नाही, पोरीकडूनच काढून घेतला. ट्रान्सक्रिप्ट, व्हिसाचे पेपर सगळं वेळेत, स्टाफ गोड बोलतो, काका चहा घेणार का वगैरे.

पण पहिल्या मीटिंगला यूके, दुसऱ्या मीटिंगला पण यूकेच. आमची फी झिरो म्हणतात ते खरंय, कारण कमिशन त्यांना तिकडचं विद्यापीठ देतं. जर्मनी विचारलं तर चेहरा पडला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही मग यांना कमिशन कोण देणार, त्यामुळे त्या फाईलची वेगळी फी सांगितली. तिथे एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री, मार्कशीट खरी असल्याचा दाखला) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात हे पण पुतणीनेच शोधून काढलं.

खरा घोळ लोनचा. भावाची पावसकडे हापूसची बाग, तो म्हणाला बाग ठेवू तारण, ऑफिसातल्या मॅडमनी होईल होईल म्हणून मान डोलावली. बँकेत गेलो तर मॅनेजर हसले. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकता येतं तो सरफेसी कायदा 2002, कलम 31, शेतजमीन त्यात बसतच नाही, म्हणजे हप्ते थकले तर त्या कायद्याने बँकेला बाग विकता येत नाही, मग कशाला घेतील, एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर फ्लॅट आणा म्हणाले. आणि शेतजमीन चालली असती तरी आमच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनचे सगळे भाऊबंद, निम्मे मुंबईत, सह्या कोण आणणार! कोकणात कुणाचा सातबारा एकट्याच्या नावावर असतो सांगा मला. सरकारी बँकेच्या नेहमीच्या स्कीममध्ये तारणाशिवाय साडेसात लाखांपर्यंतच, त्यात काय होतंय.

पुतणीच्या मैत्रिणीला तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नाही, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे, अट म्हणजे विद्यापीठ क्यूएस रँकिंगच्या (जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी) पहिल्या 200 मध्ये हवं. जागा 75, अख्ख्या महाराष्ट्राला! अमेरिकेत 2000 साली कायदा करून गिलमन स्कॉलरशिप काढली, गरीब घरच्या कॉलेजच्या पोरांना एखादं सेमिस्टर बाहेर काढायला 5,000 डॉलरपर्यंत मिळतात. आपल्याकडे तसं काही निघालं तर आंबेवाल्यांची पोरं पण जातील की.

यूजीसीने 2022 मध्ये ट्विनिंगचे नियम आणलेत, डिग्री इथलीच आणि 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे कोर्सचा तेवढा भाग, परदेशात करता येतात, पूर्ण मास्टर्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. पण त्याला आधी आपल्या कॉलेजचा बाहेर करार हवा. ऑफिसात विचारलं तर ते आमच्याकडे नाही म्हणाले, विषय संपला.

जाणार असाल तर पेपरच्या कामासाठी बिनधास्त जा, देश आणि लोन आधी घरी ठरवून जा. जर्मनीच्या फाईलची त्यांची फी बोलण्याने कमी होते, आमची झाली. पार्किंग नाही, पावसात गाडी लांब लावून छत्री घेऊन चालावं लागतं.