हार्टचा ज्यूस, आयोडीनचा खेळ आणि आमचे २२ हजार

सोलापूरच्या माणसाला "हार्टचा ब्लॉकेज विरघळतो" म्हणून डाळिंबाचा ज्यूस १,८५० रुपयाला एक बाटली असा विकणारा माणूस केवढा कलाकार असेल बघा. आमचे अण्णा त्याच्या तावडीत सापडले म्हणून हे लिहितेय.

अण्णांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, त्यात शुगर आधीपासूनचीच. सकाळी फिरायच्या ग्रुपमधले एक रिटायर्ड काका "हेल्थ सेमिनार आहे, नाष्टा फ्री" म्हणून त्यांना एका हॉलवर घेऊन गेले. स्टेजवर एकाने ग्लासभर पाणी घेतलं, त्यात तपकिरी थेंब टाकले, म्हणे ही तुमच्या रक्तातली घाण, आणि वरून झाकणभर ज्यूस ओतला तर तपकिरी रंग गायब. टाळ्या. अण्णांनी तिथेच १२ बाटल्यांचं पॅकेज घेतलं, २२,२०० रुपये, वर "आयडी" पण मिळाला, म्हणजे आता त्यांनीही लोक जोडायचे. मी फोनवर बोलले तर म्हणाले, मी डोळ्यांनी बघितलंय गं, तू मला काय शिकवतेस.

ते तपकिरी थेंब म्हणजे आयोडीन. व्हिटॅमिन सी पडलं की आयोडीनचा रंग उडतो, रक्ताचा काही संबंध नाही. माझ्या मुलीने घरी पाण्यात दोन थेंब बेटाडीन टाकून अर्धं लिंबू पिळलं, झाला चमत्कार. अण्णा गप्प बसले, पण तोवर दोन महिने गेले होते.

खरं सांगायचं तर ज्यूसच्या माहितीपत्रकातलं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून तर माणूस फसतो. डाळिंबात प्युनिकॅलॅजिन, अँथोसायनिन अशी पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली रसायनं असतात, काही छोट्या ट्रायल्समध्ये ज्यूसने बीपी थोडं उतरलेलंही दिसलंय. पण हे प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात जातच नाही, आतड्यातले बॅक्टेरिया त्याचं युरोलिथिन बनवतात आणि ते बॅक्टेरिया सगळ्यांच्या पोटात नसतात. तिथून थेट "ब्लॉकेज विरघळतो" वर उडी मारायची ही यांची कमाल. अमेरिकेत पॉम वंडरफुल नावाच्या डाळिंब ज्यूसवाल्यांवर असल्याच दाव्यांवरून तिथल्या ट्रेड कमिशनने २०१० मध्ये केस केली आणि २०१५ मध्ये अपील कोर्टानेही जाहिराती फसव्याच ठरवल्या. आपल्याकडे तर १९५४ पासून कायदा आहे, हृदयरोग बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही. म्हणून हे लोक लिहून देत नाहीत, हॉलमध्ये तोंडाने सांगतात.

तोंडाने अजून एक सांगितलं होतं, कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर जातं, ज्यूस चालू तर गोळी बंद. अण्णांनी केली बंद, आम्हाला न सांगता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ वरून १४१, तीन महिन्यांची शुगर ७.१ वरून ८.४. डॉक्टर म्हणाले नशीब रक्त पातळ करायची गोळी नाही थांबवली, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी झाली असती.

मग मी बाटली आणली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. जे जास्त असतं ते यादीत आधी लिहावं लागतं. आधी पाणी, मग साखर, मग सफरचंदाचा कॉन्सन्ट्रेट, डाळिंब चौथं. आणि शेवटी ग्रेपफ्रूट, आपल्या पपनसाच्या जातीतलं. डॉक्टरांनी ते वाचून कपाळाला हात लावला, कारण ग्रेपफ्रूट आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतं आणि अटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रक्तात नेहमीपेक्षा जास्त उतरतात. म्हणजे गोळी बंद केली तरी घोळ आणि चालू ठेवली असती तरी घोळ. आधी ज्यूस थांबवला, मग गोळी सुरू केली.

बाटलीवर फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर होता, तो काकांनी चार वेळा दाखवला. ते खाण्याचा पदार्थ विकायचं लायसन्स आहे हो, औषधाचं नाही.

पैसे मागितले तर म्हणे सील फोडलेल्या परत घेत नाही, आणि न फोडलेल्या पाच बाटल्यांसाठी "अपलाइनशी बोला", म्हणजे ज्याने जोडलं त्याच्याशी. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, पावतीवर फक्त "फ्रूट बेव्हरेज" लिहिलंय त्यामुळे किती जमतंय बघू. अण्णा आता दुसऱ्या बागेत फिरायला जातात.